मदत हवी आहे: फायब्रॉइडच्या एम्बोलायझेशनसाठी पीव्हीए कण की मायक्रोस्फिअर?

ताई ४४ वर्षांची आहे. गर्भाशयात साडेसात सेंटीमीटरचा फायब्रॉइड (कॅन्सर नसलेली गाठ). पाळीत इतकं अंगावरून जातं की हिमोग्लोबिन सातवर आलं. मुलं मोठी आहेत, आणखी मूल नकोय. पण पिशवी काढायला तिची अजिबात तयारी नाही, आणि मी तिच्या बाजूने आहे. एमआरआय पाहून रेडिओलॉजिस्ट म्हणाले, गाठ स्नायूत आहे, देठावर लोंबणारी नाही, एम्बोलायझेशन करता येईल.

पद्धत समजली आहे. जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर (बारीक नळी) घालून दोन्ही बाजूंच्या गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत जायचं आणि कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा. पॅरिसच्या राविना यांच्या गटाने १९९५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. आधी ते ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून करायचे. काही बायकांचा त्रास तेवढ्यानेच थांबला आणि ऑपरेशनची गरजच उरली नाही.

अडलंय ते कणांपाशी. एका ठिकाणी पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या प्लास्टिकचे कण) वापरतात, दुसरीकडे ट्रिसअ‍ॅक्रिल जिलेटिनचे मायक्रोस्फिअर (अगदी बारीक गोळ्या), आणि खर्चात बराच फरक आहे. पीव्हीएचे साधे कण वेडेवाकडे असतात, एकमेकांना चिकटून गोळा होतात. मायक्रोकॅथेटर तुंबू शकतो, रक्तवाहिनीही हवी त्याच्या आधीच बंद होते. मायक्रोस्फिअर गोल, एकाच मापाचे आणि दबणारे, म्हणून आतवर पोचतात. पण नुसतं गोल असून भागत नाही. पीव्हीएचेच गोल कण वापरलेल्या अभ्यासात गाठ पूर्ण न मरण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मापही महत्त्वाचं: फार बारीक कण अंडाशयाकडे निसटू शकतात, म्हणून साधारण ५०० मायक्रॉनच्या (अर्ध्या मिलीमीटरच्या) वरचे घेतात.

आणि आमच्या एस्टिमेटवर नुसतं 'एम्बोलिक पार्टिकल्स' लिहिलंय! नाव नाही, माप नाही. विचारलं तर काउंटरवर 'ते डॉक्टर ठरवतात' एवढंच.

या क्षेत्रातल्या कुणी कृपया सांगा, साडेसात सेंटीमीटरच्या गाठीला जास्तीचे पैसे घालून मायक्रोस्फिअर घ्यावेत का? कणांचं नाव आणि माप आधी लेखी मागितलं तर चालतं ना? ज्यांनी हे करून घेतलंय त्यांनी पहिल्या रात्रीच्या दुखण्याबद्दलही लिहा. एपिड्युरल (पाठीच्या कण्यापाशी बारीक नळीतून दुखणं थांबवणारं औषध) दिलं होतं की नुसती इंजेक्शनं? मेडिक्लेममध्ये कणांचे पैसे कापले का, तेही कळलं तर बरं. इथे लिहायला संकोच वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.