लंगरच्या चर्चेत माता खीवी राहूनच गेल्या

लंगर म्हणजे शिखांकडचं सर्वांसाठीचं मोफत सामुदायिक जेवण. त्यावरच्या एका चर्चेत विषय पहिले गुरू नानकदेव यांच्यावरून थेट तिसरे गुरू अमरदास यांच्यावर गेला, मधल्या माता खीवींचं नावच नाही. दुसरे गुरू अंगददेव यांच्या त्या पत्नी. १५३९ ते १५५२ या काळात गुरुगादी पंजाबातल्या खडूर गावी होती आणि तिथला लंगर खीवी सांभाळत. ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. सत्ता आणि बलवंड या गायकांनी रामकली रागात रचलेली ‘वार’ (स्तुतिपर काव्य) शिखांच्या धर्मग्रंथात, गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. तीत खीवींचं नाव घेऊन त्यांना दाट पानांच्या सावलीची उपमा दिलीय, शिवाय लंगरातल्या तूप घातलेल्या खिरीचाही उल्लेख आहे. पंगतीला बसेल त्याला खीर, तीही तुपातली! बाईंचा हात सढळ होता, एवढं नक्की.

त्यांची मुलगी बीबी अमरो. तिच्या तोंडून नानकवाणी ऐकूनच अमरदास खडूरला आले, असं परंपरा मानते. पुढे गादी अमरदासांकडे गेली म्हणून खीवींचा मुलगा दातू बिथरला, तेव्हा आईनेच त्याची समजूत घातली म्हणतात. खीवी १५८२ मध्ये वारल्या. म्हणजे पहिल्या पाचही गुरूंचा काळ त्यांनी पाहिला.