दाखल्याचा ऑनलाइन फॉर्म नेमका कुणासाठी आखायचा?

कोरा_रकाना:
उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला काढायचा फॉर्म एका लांबलचक पानावर नकोच. एका स्क्रीनवर एकच प्रश्न हवा. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाने ही पद्धत रूढ केली. तिचा मोठा फायदा म्हणजे चूक जिथे होते तिथेच कळते. तीस रकाने भरून शेवटी ‘माहिती अवैध’ एवढंच लाल अक्षरात आलं, तर मोबाइलवर भरणाऱ्याने शोधायचं कुठे?

जन्मतारीखच घ्या. रकान्यावर बोट ठेवलं की चालू महिन्याचं कॅलेंडर उघडतं. ६५ वर्षांच्या आजींनी मागे जाणारा बाण दाबत राहायचं म्हटलं, तर ७८० वेळा दाबावा लागेल. वरच्या वर्षाच्या आकड्यावर टिचकी मारली की वर्षांची यादी उघडते खरी, पण तो आकडा बटणासारखा दिसतच नाही. त्यापेक्षा दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने द्या आणि आकड्यांचा कीबोर्ड उघडू द्या. कॅलेंडर हवं ते भेटीची वेळ ठरवताना, कारण तिथे वार बघायचा असतो. स्वतःची जन्मतारीख माणसाला पाठ असते.

टॅब_एंटर:
जन्मतारखेचं अगदी मान्य. मूळ मुद्दा मात्र पटत नाही. तालुक्याच्या गावी हा फॉर्म भरतो कोण? सेवा केंद्रातला चालक. अर्जदार कागदांची पिशवी घेऊन शेजारी उभा असतो. चालकाची नजर कागदावर असते, एक बोट टॅबवर, म्हणजे पुढच्या रकान्यात नेणाऱ्या कळीवर, आणि दुसरा हात आकड्यांवर. तुमच्या पद्धतीत त्याला तीस वेळा ‘पुढे’ दाबावं लागेल. प्रत्येक पानाला दोन सेकंद धरले तरी अर्जामागे एक मिनिट गेलं. जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, बाहेर रांग असते तेव्हा ४० अर्जांमागे ४० मिनिटं जातात.

त्याला खरा त्रास होतो तो जिल्हा-तालुका-गावाच्या याद्यांचा. तालुका निवडल्यावर गावांची यादी सर्व्हरवरून येईपर्यंत गावाचा रकाना बंद असतो. टॅब तो ओलांडून पुढे जातो आणि गाव रिकामं राहतं. जिल्हा निवडताक्षणी त्यातल्या सगळ्या गावांची नावं एकदम उतरवून घ्या, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. नुसती नावं असल्याने फाइल लहानच राहते.

काना_मात्रा:
दोघांच्याही नजरेतून मराठीच सुटली आहे. मराठी कीबोर्डवरून ४११०३० असा पिनकोड टाकला की बरेच फॉर्म ‘फक्त अंक लिहा’ म्हणून अडतात. माणसाने अंकच लिहिलेले असतात! तपासणीच्या कोडमध्ये अंकांसाठी जे चिन्ह वापरतात, ते जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) ओळखतं. तपासण्याआधी मराठी ० ते ९ ही दहा चिन्हं इंग्रजीत बदलून घेतली की झालं, दोन ओळींचं काम आहे.

नावाचेही तीनच रकाने ठेवतात: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्रात झालेला आहे. मग चौथा रकाना कुठे आहे?

आणि रकान्याची उंची इंग्रजी अक्षरं बघून ठरवू नका. ‘कुर्डुवाडी’ लिहून पाहा. वर रफार, खाली उकार. ओळीची उंची कमी पडली तर दोन्हीपैकी एक छाटलं जातं आणि चूक आहे की नाही हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

कोरा_रकाना:
@टॅब_एंटर, तुम्ही चालकाची मिनिटं मोजलीत. अर्ज परत आला की अर्जदाराची दुसरी खेप होते, एसटीचं भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते, ते कुठे मोजलंत? घाईत वडिलांचं नाव चुकलं तर दाखलाही चुकीचाच निघतो. ज्याचा दाखला, त्याची गरज आधी.

टॅब_एंटर:
ती गरज भागवायला तीस पानं कशाला? शेवटी तपासणीचं एक पान द्या. नाव, जन्मतारीख, गाव, रक्कम ठळक अक्षरात, रक्कम आकड्यात आणि अक्षरात. चालकाने स्क्रीन अर्जदाराकडे वळवायची, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं, मगच पाठवायचं. आणि रकान्यांचा क्रम कागदांप्रमाणे लावा. आधारवरची माहिती एका ठिकाणी, रेशन कार्डावरची एका ठिकाणी. एकच कागद तीनदा पिशवीतून काढायला लावलात तर चुका होणारच.

खेप वाया जाते ती बहुधा ओटीपीपायी. नोंदलेला मोबाइल मुलाकडे, मुलगा कामाला पुण्यात. त्याला फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपते, लॉगिनचं सत्रही संपतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. ओटीपी मागायच्या आधी मसुदा जपून ठेवा आणि अर्ज क्रमांक हातात द्या.

काना_मात्रा:
त्या ओटीपीच्या संदेशाबद्दल. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘प्रिय अर्जदार, आपल्या अर्जाच्या संदर्भात…’ यातच निम्मी जागा जाते. खर्च वाढतो म्हणून मग मराठी संदेशच बंद करतात. ‘४८२९१३ हा उत्पन्न दाखल्याचा ओटीपी. १० मिनिटे चालेल.’ हे ७०त सहज बसतं. प्रत्यक्ष पाठवताना आकडे मात्र इंग्रजीच ठेवा, म्हणजे फोन ओटीपी आपोआप उचलू शकतो.

कोरा_रकाना:
कागदांचा क्रम आणि तपासणीचं पान, दोन्ही मान्य. तरी मोबाइलवर एकेक प्रश्नच हवा. चालकाच्या लॉगिनला एक पान आणि अर्जदाराच्या लॉगिनला एकेक प्रश्न, अशी दोन रूपं ठेवता येतील. प्रश्न आणि तपासणीचे नियम मात्र एकाच फाइलमध्ये हवेत. नाहीतर आईच्या नावाचा रकाना एकीकडे येईल आणि दुसरीकडे राहून जाईल.