मदत हवी आहे: गुडघा बदललेल्या बाबांसाठी जुनी डिझेल ऑटोमॅटिक सेडान (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीचा आहे, पण सुरुवात गुडघ्यापासून करावी लागेल.

माझे बाबा ६८ वर्षांचे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, सांधा बदललाय. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही, फक्त क्लचची नको. आमच्याकडे १३ वर्षांची हातगिअरची डिझेल सेडान आहे. परवा अन्नपूर्णा रोडवरून राजवाड्यापर्यंत जाताना मी क्लच किती वेळा दाबते ते मोजायला लागले, शंभर झाल्यावर मोजणं सोडून दिलं.

बाबा वर्षातून चार-पाच वेळा नाशिकला आत्याकडे जातात, स्वतः चालवत. पहाटे ५ला निघायचं, मानपूर, गणपती घाट, खलघाटला नर्मदेला नमस्कार, सेंधव्यापुढे बिजासनीचं दर्शन, मग शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड. साधारण ४०० किलोमीटर. ड्रायव्हर ठेवू म्हटलं तर म्हणाले, "मागे बसूनच जायचं तर बस काय वाईट आहे?" ऑपरेशननंतर ते एकदाही नाशिकला गेलेले नाहीत. आत्या ७५ची आहे, तिला इकडे येणं होत नाही.

बाबांना डिझेलच हवी आणि डिकीवालीच हवी. शोरूम फिरून झाली. या वर्गात नवी डिझेल आता मिळतच नाही. ह्युंदाई व्हर्ना २०२३ साली नव्या रूपात आली ती फक्त पेट्रोलमध्ये. होंडा सिटीचं डिझेल बंद झालं, आणि होतं तेव्हाही त्यात ऑटोमॅटिक नव्हती. सियाझच्या डिझेलचंही तेच. स्लाव्हिया, व्हर्टस पहिल्यापासून पेट्रोल. म्हणजे जुनीच घ्यावी लागणार. बजेट ८ लाख.

दोन गाड्या पाहून ठेवल्यात. एक २०१८ची व्हर्ना १.६, सहा गिअरची ऑटोमॅटिक, ७१ हजार किलोमीटर. दुसरी २०१७ची फोक्सवॅगन व्हेंटो १.५ टीडीआय (त्यांचं डिझेल), सात गिअरची डीएसजी (त्यांची ऑटोमॅटिक), ५८ हजार, आणि पहिलीपेक्षा ६० हजारांनी स्वस्त. दोन्ही एमपी-०९ म्हणजे इंदूर पासिंगच्या, एकाच मालकाच्या.

गाडी दाखवणारा म्हणतो, ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, दोन्ही सारख्याच, आणि गिअरचं ऑईल आयुष्यभर बदलावं लागत नाही. मला ते पटलेलं नाही. बाबांची वेगळी काळजी: घाट उतरताना ऑटोमॅटिकला इंजिनाचा ब्रेक (खालच्या गिअरवर इंजिनच गाडी धरून ठेवतं तो) मिळत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. आणि मामा म्हणतो, डिझेल आता संपलं, मुकाट्याने पेट्रोल घ्या. नाशिक सोडलं तर बाबांचं फिरणं रोज ६-७ किलोमीटर, भाजी, बँक, देऊळ. मला गाडी चालवता येते, बोनेटखालचं काही कळत नाही. कृपया समजावून सांगा.

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, दोन्ही सारख्या अजिबात नाहीत. मी अशीच १.६ डिझेल ऑटोमॅटिक सहा वर्षं वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हर्नामध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची चकती नसते, तेलाने भरलेलं भांडं असतं. इंजिनाकडचा पंखा ते तेल ढवळतो आणि त्या जोरावर पलीकडचा पंखा फिरतो. त्यामुळे ब्रेक सोडला की गाडी आपोआप, हळूच सरकते. गर्दीत रांगताना घासून झिजण्यासारखं फारसं काही नसतं, जी उष्णता होते ती तेल घेतं. म्हणूनच तेल महत्त्वाचं. 'आयुष्यभर' या शब्दावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडचा उन्हाळा आणि गर्दी बघता मी ६० हजारांना बदलून घेतलं, आणि जे काढलं ते काळपट होतं.

डीएसजीत खरोखरचे दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो, म्हणून हायवेला ती इतकी चपळ वाटते. चालवायला दोघींतली तीच जास्त आवडेल. पण या सात गिअरच्या डब्यातले क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. पलासियाच्या सिग्नलला इंच इंच सरकताना ते अर्धवट घासत राहतात आणि तापतात. वर मेकॅट्रॉनिक नावाचा भाग असतो, गिअरबॉक्सचा मेंदू आणि हात दोन्ही. तो गेला तर दुरुस्ती किरकोळ नसते. पुढच्या गाडीशी अंतर राखून, जागा झाली की एकदम पुढे जायचं, अशी चालवली तर टिकते. आधीच्या मालकाने तशी चालवली का, हे कळायला मार्ग नाही.

तुमच्या बाबांच्या वयाला आणि रोजच्या ६-७ किलोमीटरला मी व्हर्ना घेईन. ६० हजार वाचताहेत म्हणून दुसरीकडे वळू नका.

प्रतिसाद २ (बडोदा)

मामांचं म्हणणं अगदीच सोडून देऊ नका. रोज ६-७ किलोमीटर म्हणजे डिझेल इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही घरी परत. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६, म्हणजे धुराचे जास्त कडक नियम आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे १५-२० मिनिटं एकसारखी मोकळ्या रस्त्यावर चाल हवी. ती नाही मिळाली की गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आमच्या घरी हाच त्रास झाला. गाडी शाळा-बाजारापुरतीच फिरत होती.

तुमच्या दोन्ही गाड्या २०२०च्या आधीच्या, बीएस-४. त्या काळच्या बहुतेक डिझेल गाड्यांत ही गाळणी नव्हती, त्यामुळे ही भानगड बहुधा नसेल. पण कुणी २०२१ची गळ्यात मारत असेल तर आधी हा हिशोब करा. जुन्या गाडीलाही आठवड्यातून एकदा बायपासवर तासभर फिरवून आणाच, तेवढ्यासाठी देवासपर्यंत जाऊन आलात तरी पुरे.

एक आणखी. दिल्लीकडे डिझेलला १० वर्षांचा नियम आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात सगळीकडे पसरल्या. एमपी-०९च घेताय ते उत्तम. बाहेरच्या राज्यातली घेतली की तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणली पाहिजे आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरला पाहिजे.

प्रतिसाद ३ (देवास)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गाड्यांतलं कळत नाही. पण सगळे क्लचबद्दल बोलताहेत, दाराबद्दल कुणीच नाही म्हणून लिहिते.

गुडघा बदललेल्या माणसाला गाडी चालवण्यापेक्षा गाडीत बसणं आणि उतरणं जड जातं. सेडानची सीट खाली असते. बसताना गुडघा खूप वाकतो, उठताना सगळा भार त्याच्यावर येतो. माझ्या पेशंटपैकी कितीतरी जण ऑटोमॅटिक घेऊन मोकळे होतात आणि मग गाडीतून उठायला कुणाचा तरी हात शोधतात.

म्हणून बाबांना बरोबर नेल्याशिवाय बयाणा देऊ नका. सीट पूर्ण मागे घ्या, उंचीचा खटका असेल तर वर घ्या. बाबांनी पाठमोरं बसायचं, आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. एक पाय आत, एक बाहेर अशी पिळवटून बसायची सवय मोडा. पाच वेळा बसा-उठा करायला लावा. पाचव्यांदाही दार न ओढता उठले तर सेडान चालेल. नाहीतर उंच गाडीच बघा, मग ती डिकीची नसली तरी. आणि नाशिकला जाताना दर तासा-सव्वातासाला खाली उतरून पाच मिनिटं चालायचंच.

धागाकर्ती

ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काल दोन्ही गाड्यांकडे त्यांना घेऊन गेले. व्हेंटोत तिसऱ्या वेळेला त्यांनी दाराची कड धरली. व्हर्नाची सीट पूर्ण वर घेतल्यावर पाचही वेळा नीट उठले, वेळ लागला, पण कुणाचा हात घेतला नाही. दोन्ही गाड्या खालीच आहेत, फरक बोटभर असेल, पण त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसत होता. उंच गाडीचंही सुचवलं. "त्यात चढायला पाय उचलावा लागतो, तो जास्त दुखतो," म्हणाले. तेही खरंच.

आता व्हर्ना तपासायची आहे. काय काय बघू? आणि घाटाचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद ४ (धुळे)

पोरी, मी ३० वर्षं हाच रस्ता करतोय, शेवटची ७ वर्षं ऑटोमॅटिकवर.

इंजिनाचा ब्रेक ऑटोमॅटिकलाही मिळतो, मागावा लागतो इतकंच. गिअरचा दांडा डी (पुढे जायची नेहमीची जागा) वरून बाजूला सरकवला की हाताने गिअर पाडता येतात. उतार सुरू व्हायच्या आधी तिसऱ्यावर आण, जास्त उतार वाटला तर दुसऱ्यावर. गाडी स्वतःच धरून ठेवते, ब्रेक अधूनमधून लावायचा. गणपती घाटात ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांनी किती माणसं मारली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा तिथे डी वर ठेवून नुसत्या ब्रेकच्या भरवशावर उतरायचं नाही. उतारावर न्यूट्रल तर कधीच नाही. आणि ट्रकच्या पुढे राहू नको म्हणावं बाबांना, त्याला जाऊ दे.

तपासताना मालकाला आधीच सांग, गाडी सकाळपासून सुरू करू नका. थंड इंजिन आपल्यासमोर चालू झालं पाहिजे. ब्रेक दाबून पी (पार्किंग) वरून आर (रिव्हर्स), आर वरून डी असं कर. क्षणभरात गिअर पडला पाहिजे, धक्का किंवा ठोका नको. मग एसी लावून अर्धा तास गर्दीत चालव आणि त्यानंतर एखाद्या चढावर थांबवून पुन्हा उचल. दोष असेल तर गरम झाल्यावर दिसतो. मेकॅनिककडून स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोष, वाचून घे. तेल बदलल्याचं बिल माग, नसेल तर ते पैसे किमतीतून कमी करून घे. शेवटचं म्हणजे गाडी बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू द्यायची नाही, ट्रकवर चढवूनच न्यायची.

आणि डावा पाय! ४० वर्षं क्लच दाबलेला पाय गप्प बसत नाही. तो घाईत ब्रेकवर पडतो आणि मागचा आपल्यावर येऊन आदळतो. मोकळ्या मैदानात आठवडाभर सराव होऊ दे, डावा पाय कडेच्या फळीवर टेकवून.

धागाकर्ती

काका, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. थंड गाडी सुरू करून पाहिली, गिअर मऊ पडले. स्कॅनरमध्ये गिअरबॉक्सचा एकही कोड नव्हता. तेल बदलल्याचं बिल त्यांच्याकडे नव्हतं, तेवढे पैसे कमी करून घेतले आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच दिवशी ते बदललं. पुण्याच्या दादांनी लिहिल्यासारखंच काळपट निघालं.

गेले दहा दिवस रोज सकाळी ६ला दसरा मैदानावर जातोय. पहिल्या दिवशी बाबांचा डावा पाय दोनदा ब्रेकवर गेला, मी डॅशबोर्डला हात टेकून बसले होते म्हणून वाचले. चौथ्या दिवसानंतर एकदाही नाही. रविवारी भेरूघाटापर्यंत जाऊन आलो. उतारावर त्यांनी तिसरा गिअर पाडला, गाडी धरली गेली, आणि ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून मान हलवली.

पुढच्या शनिवारी नाशिक. मी शेजारच्या सीटवर असेन, दर तासाला थांबायचं कबूल झालंय. आत्याला अजून सांगितलेलं नाही. तो फोन बाबांना स्वतः करायचा आहे, खलघाटावरून.