मदत हवी आहे : जंजिऱ्याच्या तळ्यात गोडं पाणी कसं?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवतो. काल पोट्ट्यांना मुरुडचा जंजिरा सांगत होतो. सिद्दींचा किल्ला शिवाजी महाराजांच्या हाती लागला नाही, म्हणून त्यांनी समोरच पद्मदुर्ग उभारला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर समुद्रात दगड टाकून सेतूच बांधायला घेतला. वर्ग रंगला होता. तेवढ्यात एकीनं विचारलं, "सर, चारी बाजूनं खारं पाणी, मंग आतल्या तळ्यात गोडं कसं?" आमच्याकडे तीनशे फूट बोअर कोरडी जाते, तिला नवल वाटणारच! पावसाचं पाणी साठतं, की खडकातले झरे? सिंधुदुर्गावरच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचंही तेच का? कोकणातलं कोणी असेल तर सोपं करून सांगा ना. सोमवारी पोरगी विचारल्याशिवाय राहणार नाही.