लायब्ररीवाले सर: तुमच्याकडच्या आठवणी लिहा

बाबा गेले त्याला महिना झाला. वेल्हे तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत ते 1973 पासून 2004 पर्यंत ग्रंथपाल होते. त्यातली बरीच वर्षं अर्धवेळ. निवृत्तीनंतर आमच्याकडे धायरीत राहिले. तेराव्याला इतकी माणसं आली की निम्म्यांची मला ओळखच नव्हती. जो तो दारात चपला काढता काढता काहीतरी सांगायला लागायचा आणि तेवढ्यात कोणीतरी चहा पुढे करायचं. त्या अर्धवट राहिलेल्या गोष्टी इथे पूर्ण करा. "देवमाणूस होते" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते ऐकून झालंय. पेपरची घडी मोडली म्हणून दिवसभर धुसफुसणारे बाबा मला माहीत आहेत. शाळेतले माहीत नाहीत.

*

1984 ची दहावी. आता कात्रजला असतो.

आमची वाडी तोरण्याच्या अंगाला. शाळेत यायला तास-सव्वा तास चालायचं आणि वाटेत दोन ओढे. जून ते सप्टेंबर दप्तर कोरडं राहिलं तर आईला आश्चर्य वाटायचं. सर पावसाळ्यात पुस्तक द्यायचे ते युरियाच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर सुतळी. ही प्लास्टिकं ते गावात मागून आणायचे, धुवायचे आणि लायब्ररीच्या खिडकीत वाळत टाकायचे. लांबून कोणाला वाटावं, मास्तरांनी धुणं घातलंय.

आठवीत माझ्याकडून 'किशोर'च्या वर्षभराच्या अंकांचा बांधलेला गठ्ठा ओढ्यात पडला. काढला, पण पार भिजलेला. दोन दिवस शाळेतच गेलो नाही. तिसऱ्या दिवशी भीत भीत नेऊन दिला, तर सरांनी आधी विचारलं, "पानं ओढून सोडवायला गेलास का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "शहाणा आहेस." मग ते स्वतःचं सांगायला लागले. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते नारायण पेठेत मामांकडे शिकायला होते. पाणी ओसरल्यावर शेजारच्या वकिलांची चिखलाने माखलेली पुस्तकं वाळवायचं काम आळीतल्या पोरांकडे आलं. घाई करून उन्हात टाकलेली पुस्तकं वाकडी झाली, ओली पानं ओढली ती फाटली. सावलीत, वाऱ्यावर, मध्ये रद्दीचे कागद घालून आणि ते कागद दिवसातून तीनदा बदलून जी वाळवली, ती राहिली. आमचा गठ्ठा आम्ही दोघांनी अकरा दिवस तसाच वाळवला. शेवटी वर दोन विटा ठेवल्या. माझ्या पुढच्या वर्गांनीही तो वाचला, फक्त फुगला होता, भिजलेल्या पोह्यांसारखा.

मी आज नळदुरुस्तीची कामं घेतो. पुस्तकांशी पोटाचा काही संबंध नाही. पण कोणाच्या घरात पाणी शिरलं की कपाटातली कागदपत्रं आधी मी बघतो.

*

त्याच शाळेत मी गणित शिकवत होतो. सहकारी म्हणून थोडं खरं लिहितो.

अर्धवेळ ग्रंथपाल म्हणजे पगार अर्धा, काम दीड माणसाचं. मतदार याद्या, परीक्षेचे गठ्ठे, कोणी रजेवर गेलं की त्याचा तास, सगळं यांच्याकडे. ते नाही म्हणत नसत, आणि त्याचा आम्हाला रागच यायचा, कारण मग आम्हालाही नाही म्हणता येत नसे.

पुस्तकांना त्यांनी ड्युई पद्धतीचे, म्हणजे ग्रंथालयांत विषयवार देतात ते, क्रमांक घातले होते. मराठी साहित्य 891.46, त्यापुढे कवितेला 1, नाटकाला 2, कादंबरीला 3. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाटावरची चिठ्ठी वाचून विचारलं, "इथे 891 पुस्तकं म्हणता आणि दिसतात तर शंभरेक?" सर अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाकीची मुलांकडे आहेत साहेब." साहेब खूश झाले. पुढे पोरांना आकडे समजत नाहीत म्हणून त्यांनीच कण्यावर रंगीत पट्ट्या लावल्या. गोष्टींना लाल, शेतीला हिरवी. पोरं मागायला यायची, "सर, एक लाल द्या."

*

मला फक्त खळीचा वास आठवतो. मैद्याची खळ, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी जणी जुजबंदी, म्हणजे पुस्तकाच्या पानांची शिवण, शिकायचो. "टाका पुस्तकाला घालतेस, पोत्याला नाही," असं ओरडायचे.

*

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं, वडिलांच्या वेळेपासून. हे गृहस्थ महिन्या-दीड महिन्याने यायचे. स्वारगेटला एसटीतून उतरून चालत. खिशात मुलांनी मागितलेल्या पुस्तकांची यादी: विहिरीवरची मोटर, भुतं, क्रिकेट, शेळीपालन. घासाघीस एवढी करायचे की वडील म्हणायचे, "मास्तर, तुम्हीच गल्ल्यावर बसा, मी वेल्ह्याला जातो." शाळेच्या नावाने पावती मागायचे ती मोजक्याच पुस्तकांची. बाकीची स्वतःच्या पैशाने. गोणपाटात भरायचे आणि ते गाठोडं एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन जायचे. दोन तासांचा प्रवास, मांडीवर पंधरा किलो. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, तेही गुडघे दुखतात म्हणून विषय निघाला तेव्हा.

*

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण माझी आठवण तशी नाही. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

1979, मी आठवीत. भूगोलाचं एक पुस्तक मी घरी नेलं होतं, निळ्या पुठ्ठ्याचं, त्यात ज्वालामुखीची चित्रं होती. माझ्या धाकट्या भावाने त्याची पानं पतंगाला लावली. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, पैसे भरून दे, नाहीतर पुढचं पुस्तक मिळणार नाही. आमच्याकडे त्या दिवसांत मीठ-मिरचीची उधारी होती. वडिलांना विचारायची सोयच नव्हती. त्या वर्षी कपाटाला कायम कुलूप असायचं. काचेतून आत चिकटवलेला कागद दिसायचा, ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांचं पहिलं सूत्र: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. मी तो बाहेरून वाचायचे. नववीत गेल्यावर कुलूप निघालं म्हणे, पण मी काही परत त्या खोलीत गेले नाही. तुम्ही ज्या सरांबद्दल लिहिताय ते मला भेटलेच नाहीत.

*

ताई, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. आई असती तर तिने नीट सांगितलं असतं, मी तेव्हा सहा वर्षांची होते. एवढं आठवतं की त्या वर्षी दिवाळीला आम्हाला कपडे नव्हते, आणि आजी सारखी म्हणायची, "पुस्तकं पोरांनी हरवायची नि भरायची यानं." साठ्याची मोजणी झाली होती, पुस्तकं कमी भरली आणि बाबांच्या पगारातून वसुली लागली. कुलूप त्याच वर्षीचं. पुढच्या वर्षी का काढलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई एकदा बोलून गेली होती, कुलूप लावल्यापासून रात्री झोप लागत नव्हती त्यांना.

त्यांच्या ट्रंकेत एक लांबट वही आहे, शाळेची नव्हे, घरची. न परतलेल्या पुस्तकांची. दाखल क्रमांक, विषय, किंमत आणि शेवटच्या रकान्यात "भरले". मुलांची नावं कुठेच नाहीत. तुमचं वाचून आत्ता उघडून बघितली. 1979 च्या पानावर भूगोलाचं एकच आहे. साडेचार रुपये, भरले. अक्षर बाबांचंच.

*

साडेचार नाही. तीन रुपये होते. मला तीनच सांगितले होते त्यांनी, पक्कं आठवतंय.