एअर रायफलवरून ट्रॅपकडे: खान्देशातल्या पोरानं सुरुवात कशी करावी?

तापीकाठ (अमळनेर):
राम राम मंडळी. भाचा १७ वर्षांचा, १० मीटर एअर रायफलमध्ये गुण बरे पडतात. आता डोक्यात ट्रॅप शिरलंय, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या छर्ऱ्यांच्या बंदुकीनं (शॉटगननं) फोडायचा प्रकार. बंदूक कोणती घ्यावी? आणि यात पुढे काही होतं का?

बारा बोअर:
बंदूक आत्ता घेऊच नका भाऊ. शॉटगनच्या परवान्याला २१ पूर्ण लागतात. तोवर नियमांत बसवून, प्रशिक्षकाच्या देखरेखीत, रेंजच्या बंदुकीवर सराव.

आधी वरचढ डोळा तपासा. हात लांब करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून पंजांच्या फटीतून दूरचा खांब बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खांब फटीतच दिसतो तो वरचढ. उजव्या खांद्याच्या पोराचा डावा निघाला, तर खांदा बदलायचा विचार आत्ताच करा.

रायफलवाल्यांना नडते ती नेम धरायची सवय. ११० मिलिमीटरची तबकडी १५ मीटर पुढच्या खंदकातून सुटते, डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंत. नजर नळीवर गेली की तबकडीमागे फिरणाऱ्या नळीचा झोका थांबतो, छर्रे तबकडीच्या मागून जातात. गाल दस्त्यावरून उचलला तर वरून. चाप ओढल्यावरही झोका चालूच राहिला पाहिजे. घरी रायफल रिकामी असल्याची खात्री करून, भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवरून नळी फिरवू द्या. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
खिसा रिकामा होतो तो काडतुसांनी. फेरी २५ तबकड्यांची, स्पर्धेच्या पात्रता टप्प्यात अशा पाच, म्हणजे १२५. ट्रॅपच्या पात्रतेत प्रत्येक तबकडीला दोन बार, तेव्हा २५० काडतुसं जवळ हवीत. छर्रे २४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत, शिकारीची काडतुसं बाद. स्कीटला (यात तबकड्या दोन बाजूंच्या घरांतून आडव्या सुटतात) तबकडीमागे एकच बार, पण तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेशी.

वाट अशी: राज्य स्पर्धा, अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा, मग संघनिवड चाचण्या. डबल ट्रॅपच्या (एका वेळी दोन तबकड्या) नादी लागू नका. राज्यवर्धनसिंह राठोडांनी २००४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं ते त्यातच, पण २०१६ नंतर ते ऑलिंपिकमधून गेलं. पोटापाण्यासाठी सैन्य, रेल्वे, पोलीस यांचा क्रीडा कोटा बघा. सैन्याचं मार्क्समनशिप युनिट महूला आहे, धुळ्याहून आग्रा रोडनंच जायचं.

तापीकाठ:
मग बंदूक घेताना काय बघू?

बारा बोअर:
ट्रॅप की स्कीट हे आधी ठरू द्या. ट्रॅपला ३० ते ३२ इंच नळी आणि घट्ट चोक (नळीच्या तोंडाशी असलेलं अरुंदपण), स्कीटला २८ ते ३० आणि मोकळा चोक. परवान्यावर क्षेत्र 'संपूर्ण भारत' लिहून घ्या, नाहीतर भोपाळ-दिल्लीच्या रेंजवर बंदूक नेताच येणार नाही.