व्हिएन्ना, ऑक्टोबरअखेर, आई-बाबांसह: तयारी काय करू?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटी मुलांना शाळेची आठवडाभर सुट्टी आहे. तेव्हा पुण्याहून आई-बाबा इथे लंडनला आलेले असतील, म्हणून सगळे मिळून चार-पाच दिवस व्हिएन्नाला जावं असं मनात आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबांना पाश्चात्त्य संगीताचं वेड आहे, दोघंही शाकाहारी. आत्तापासून काय काय बघून ठेवू?

———

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी व्हिसा. आई-बाबा इथे व्हिजिटर व्हिसावर येणार असतील, तर शेंगेनचा (ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज त्यांनी भारतातूनच करायला हवा. पाहुणे म्हणून आलेल्यांचा अर्ज इथे सहसा घेत नाहीत. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. दिवाळीच्या तोंडावर अपॉइंटमेंटसाठी मारामार होते, तेव्हा जून-जुलैतच उरकून टाका. शिवाय त्यांचा यूकेचा व्हिसा परतीच्या तारखेलाही चालू असेल ना, हे पाहा.

आता उजेडाचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मग पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्यामुळे बाहेरचं जे काही असेल ते सकाळी करा. शोनब्रुन्न राजवाड्याच्या बागेत सकाळीच जा. तिथल्या टेकडीवरच्या ग्लोरिएट या वास्तूचा चढ आईंना नको, खालूनही ती छान दिसते.

दुपारनंतर म्युझियम. कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये ब्रॉयगेलची खोली चुकवू नका. १५६५ सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र तिथेच आहे: पाठमोरे थकलेले शिकारी, माना खाली घातलेली कुत्री, आणि दूर खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी बारीक बारीक माणसं. त्या एका चित्रासमोर आई-बाबांना हवा तेवढा वेळ बसू द्या. दिवसाला दोन ठिकाणं पुरेत. वयस्कर माणसांना घेऊन यादी पूर्ण करत फिरण्यात काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

२६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन (१९५५ चा तटस्थतेचा कायदा त्या दिवशीचा) आणि १ नोव्हेंबरही सुट्टीचा. दोन्ही दिवशी, आणि दर रविवारी, दुकानं बंद असतात. दूध, दही, ब्रेड आदल्या दिवशीच आणून ठेवा. अडलंच तर मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं.

बाबांसाठी: ७१ नंबरची ट्राम थेट झेंट्रालफ्रीडहोफ या मोठ्या दफनभूमीला जाते. दुसऱ्या फाटकापाशी उतरा. बेथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स, तिघांच्या समाध्या जवळजवळ आहेत. मैफलीची तिकिटं मुझिकफेराइन या संगीत सभागृहाच्या साइटवरून आजच बघायला लागा. रस्त्यात विग घालून तिकिटं विकणारे भेटतील, त्यांच्याकडून घेऊ नका. त्या मैफली पर्यटकांसाठी असतात, दर्दी माणसाचं तिथे समाधान होत नाही. ऑपेरात उभ्याची तिकिटं स्वस्त मिळतात, पण आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

———

दादांनी सगळं नीट लिहिलंय, खाण्याचं तेवढं मी सांगते. बटाट्याच्या सूपमध्येसुद्धा बेकनचे तुकडे असू शकतात, म्हणून ऑर्डर देताना "ओह्ने श्पेक" (बेकनशिवाय) म्हणायचं. केझेश्पेट्झले म्हणजे चीज घातलेले छोटे नूडल्स, तेही असंच विचारून घ्यायचे. कायझरश्मार्न म्हणजे पॅनकेकचे तुकडे, तो गोड असतो, अंडं चालत असेल तरच. कोपऱ्याकोपऱ्यावर कागदाच्या पुड्यात भाजलेले चेस्टनट मिळतात, थंडीत ते आईंना नक्की आवडतील. पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी आल्प्समधून येतं, १८७३ पासून, आणि चवीलाही गोड आहे.

व्हिएन्नात वारा फार, तेव्हा कानटोपी हवीच. जुन्या भागातल्या दगडी रस्त्यांवर ओली पानं पडलेली असतात, रबरी तळव्याचे बूट घ्या. आमच्याकडे घडीची हलकी व्हीलचेअर पडून आहे. मंडळाच्या कोजागरीला येणार असाल तर घेऊन येते.